नागासाकीचे गुप्त ख्रिस्ती : बंदीच्या अडीचशे वर्षांतील श्रद्धाजीवन

जपानच्या नैऋत्येकडील क्युशू बेटावर नागासाकी हे बंदराचे शहर आहे. या शहरातील निशिझाका नावाच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसांवर जखडून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांपैकी २० जपानी होते, ४ स्पॅनिश होते, एक मेक्सिकोत जन्मलेले होते आणि एक होते वसईचे गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून त्यांची नोंद झाली आहे.

निशिझाकाची घटना ही मोठ्या इतिहासाची केवळ सुरुवात होती. १६१४ मध्ये संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि ती १८७३ पर्यंत, म्हणजे २५९ वर्षे, या ना त्या स्वरूपात टिकून राहिली. या काळात नागासाकी परिसरातील खेड्यांत आणि लहान बेटांवर हजारो शेतकरी व कोळी कुटुंबांनी धर्मगुरू नसताना, चर्च नसताना आणि छापील ग्रंथ जवळपास नसताना आपले ख्रिस्ती जीवन चालू ठेवले. 'काकुरे किरिशितान', म्हणजे गुप्त ख्रिस्ती, या नावाने हे लोक ओळखले जातात. ज्याचे कोणतेही बाह्य चिन्ह दाखवता येत नाही, तो धर्म पिढ्यानपिढ्या कसा जगावा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर धर्माच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी आढळते.

गोव्याहून कागोशिमाला

जपानमधील ख्रिस्ती धर्माचा आरंभ गोव्याशी थेट जोडलेला आहे. कागोशिमा येथील अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ आपला देश सोडून मलाक्काला आला आणि तेथे त्याची भेट फ्रान्सिस झेवियर यांच्याशी झाली. पुढे गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले आणि १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला सोबत घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा बंदरात उतरले.

प्रारंभी भाषेचा मोठा घोटाळा झाला. 'देव' या संकल्पनेसाठी अंजिरोने 'दाइनिची' हा शब्द सुचवला. हे बौद्ध परंपरेतील महावैरोचन बुद्धाचे जपानी नाव होते. साहजिकच, भारताच्या दिशेने आलेले हे पाहुणे बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ शिकवीत आहेत, अशी अनेकांची समजूत झाली. चूक ध्यानात येताच झेवियर यांनी तो शब्द टाकून लॅटिन 'देउस' हाच शब्द वापरण्यास सुरुवात केली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले. जपानी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी लॅटिन व पोर्तुगीज शब्दांचा एक साठा कायमचा रुळला आणि बंदीच्या काळात, त्यांचा अर्थ पुसट झाल्यानंतरही, हेच शब्द त्यांच्या वेगळेपणाची खूण बनले.

१५६३ मध्ये ओमुरा सुमितादा या सरदाराने बाप्तिस्मा घेतला. १५७१ मध्ये नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी खुले झाले आणि १५८० मध्ये सुमितादाने ते जेझुइट संघाच्या ताब्यात दिले. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमधील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाख असावी, असा अंदाज केला जातो.

या वाढीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ओमुरासारख्या प्रदेशांत सरदाराच्या धर्मांतरानंतर प्रजेचे सामुदायिक बाप्तिस्मे झाले, बौद्ध मंदिरे आणि शिंतो देवस्थाने उद्ध्वस्त करण्यात आली. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसांची गुलाम म्हणून खरेदी करीत. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय सुरू झाले होते आणि तेथील हिंदू समाजाला त्याची झळ बसत होती. जपानी राज्यकर्त्यांनी पुढे जे क्रौर्य दाखवले त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र परक्या सत्तेविषयी त्यांना वाटणारी भीती सर्वस्वी निराधार होती, असेही म्हणता येत नाही. या संघर्षाची किंमत मोजली ती प्रामुख्याने गरीब शेतकऱ्यांनी, ज्यांचा साम्राज्यांच्या राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता.

वसईचे दुभाषी

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसईत झाला. वडील पोर्तुगीज होते, आई स्थानिक होती. जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण घेऊन ते कुमारवयातच त्यांच्यासोबत जपानला गेले आणि तेथे धर्मशिक्षणाचे काम करताना जपानी भाषेत पारंगत झाले. काही काळ त्यांनी व्यापारही केला. अखेरीस मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ते बंधू म्हणून दाखल झाले.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे शिष्टमंडळ घेऊन फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले. जपानी जाणणारा माणूस सोबत असणे अत्यावश्यक असल्याने गोन्सालो यांची निवड झाली. त्या वेळचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर दुभाष्याचे काम त्यांनीच केले. हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा आदेश काढला होता, परंतु पोर्तुगीज व्यापाराच्या गरजेमुळे त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. फ्रान्सिस्कनांनी क्योतो येथे चर्च आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्याला लागले. गलबतावरील मालाच्या जप्तीवरून वाद उसळला आणि स्पेनच्या राजाचे हेतू काय आहेत, या संशयाने हिदेयोशी खवळला. क्योतो व ओसाका येथून २४ जणांना पकडण्यात आले. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटर दूर असलेल्या नागासाकीकडे त्यांना नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. या २६ जणांमध्ये तीन मुले होती. त्यांपैकी लुइस इबाराकी अवघ्या १२ वर्षांचा होता. गोन्सालो यांच्यासह या सर्वांना पोप नववे पायस यांनी १८६२ मध्ये संतपद बहाल केले. आज वसई तालुक्यातील गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय यांना गोन्सालो गार्सिया यांचे नाव आहे.

बंदी आणि तिची यंत्रणा

हिदेयोशीच्या मृत्यूनंतर सत्ता तोकुगावा घराण्याकडे गेली. १६१४ मध्ये या राजवटीने देशव्यापी बंदी जाहीर केली. धर्मप्रचारकांना आणि ताकायामा उकोनसारख्या प्रतिष्ठित ख्रिस्ती सरदारांना हद्दपार करण्यात आले. १६२२ मध्ये निशिझाका येथेच ५५ जणांना जाळून अथवा शिरच्छेद करून मारण्यात आले. उन्झेन येथील उकळत्या गरम झऱ्यांचा वापर छळासाठी होऊ लागला. १६३३ मध्ये जेझुइट संघाचे तेथील प्रमुख क्रिस्तोव्हाँव फेरेरा यांना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले, तेव्हा त्यांनी धर्मत्याग केला. या बातमीने युरोपपर्यंत खळबळ उडाली.

करांचा असह्य बोजा आणि धार्मिक छळ यांमुळे १६३७ मध्ये शिमाबारा व आमाकुसा येथील शेतकऱ्यांनी उठाव केला. किशोरवयीन आमाकुसा शिरो याच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे, बायका-मुलांसह, हारा किल्ल्यात एकवटली. १६३८ च्या वसंतात किल्ला पडला आणि आत असलेल्यांची जवळपास सरसकट कत्तल झाली. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानमध्ये येण्यास मनाई झाली. १६४४ मध्ये कोनिशी मान्शियो या धर्मगुरूला मृत्युदंड देण्यात आला आणि त्यानंतर देशात लपून कार्य करणारा एकही धर्मगुरू उरला नाही.

या तीस वर्षांत राज्यकर्त्यांना एक गोष्ट उमगली होती. जाहीर मृत्युदंडामुळे लोक हुतात्म्यांचा आदर करू लागतात आणि त्यांचे अवशेष जपून ठेवतात. म्हणून पुढे मरणापेक्षा धर्मत्याग घडवून आणण्यावर भर देण्यात आला आणि त्यासाठी कागदोपत्री अत्यंत काटेकोर यंत्रणा उभी राहिली. प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवणे सक्तीचे झाले. जन्म, विवाह, स्थलांतर, मृत्यू यांसाठी मंदिराचे प्रमाणपत्र लागे. पाच-पाच घरांचा गट करून एकाच्या अपराधाची जबाबदारी सर्वांवर टाकण्यात आली. चव्हाट्यावर लाकडी सूचनाफलक लावून बक्षिसे जाहीर केली जात. १६८२ च्या फलकानुसार धर्मगुरू पकडून देणाऱ्याला चांदीची ५०० नाणी आणि सामान्य ख्रिस्ती माणूस पकडून देणाऱ्याला १०० नाणी मिळणार होती. शेजाऱ्याला फितूर होण्यासाठी एवढे आमिष पुरेसे होते.

पाऊल आणि पश्चात्ताप

या यंत्रणेतील सर्वाधिक परिचित भाग म्हणजे 'फुमि-ए'. येशू किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून प्रत्येकाने तिच्यावर पाय ठेवायचा, असा हा विधी होता. नागासाकीत १६२० च्या दशकात तो सुरू झाला. सुरुवातीला लोकांकडून जप्त केलेल्या प्रतिमाच वापरल्या जात. त्या झिजल्यामुळे १६६९ मध्ये पितळेच्या २० प्रतिमा खास ओतवून घेण्यात आल्या. तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयात त्यांपैकी १९ आजही पाहावयास मिळतात. असंख्य पावलांखाली प्रतिमेवरील चेहरे गुळगुळीत झाले आहेत.

दरवर्षी नववर्षाच्या पहिल्या महिन्यात अधिकारी वस्तीवस्तीने फिरत. आजाऱ्याला उचलून आणले जाई, तान्ह्या बाळाचा पाय प्रतिमेला टेकवला जाई. नागासाकी शहरात कालांतराने हा जणू एक वार्षिक सोहळाच बनला. बिगरख्रिस्ती नागरिक नवी वस्त्रे लेवून त्यासाठी येत, आणि बघ्यांचीही गर्दी होई. उराकामी किंवा सोतोमेच्या शेतकऱ्याला मात्र त्या दिवशी काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण आहे. तोही रांगेत उभा राही आणि पाय ठेवी.

शुसाकु एन्दो यांची १९६६ मधील 'चिन्मोकु' ही कादंबरी आणि तीवर मार्टिन स्कॉर्सेसे यांनी २०१६ मध्ये काढलेला चित्रपट यांमुळे फुमि-ए जगभर ठाऊक झाले. मात्र कादंबरीत केंद्रस्थानी आहे तो एका युरोपीय धर्मगुरूच्या आयुष्यातील एकच निर्णायक क्षण. सामान्य गावकऱ्यापुढील पेच निराळा होता. त्याला हे दरवर्षी करावे लागे, आणि त्यानंतर घरी जाऊन ख्रिस्ती म्हणून जगावे लागे.

यासाठी त्यांच्याजवळ एक आधार होता. १६०३ मध्ये बिशप लुइस सेर्केरा यांच्या काळात परिपूर्ण पश्चात्तापाविषयी जपानी भाषेत एक पुस्तिका छापण्यात आली होती. धर्मगुरू उपलब्ध नसताना मनापासून केलेल्या पश्चात्तापाने पापक्षमा मिळू शकते, हा तिचा आशय. पोर्तुगीज शब्दावरून तिला 'कोन्चिरिसान' म्हणत. या पुस्तिकेच्या हस्तलिखित प्रती आणि तोंडपाठ प्रार्थना गुप्तपणे पुढील पिढ्यांकडे जात राहिल्या. फुमि-एवर पाय ठेवून आलेली कुटुंबे घरी कोन्चिरिसानची प्रार्थना म्हणत. कोणी याला पळवाट म्हणेल. पण पळवाट शोधणारा माणूस सहसा पश्चात्तापाची प्रार्थना शिकत नाही आणि ती मुलांना शिकवण्यासाठी जीव धोक्यात घालत नाही.

धर्मगुरूंविना धर्म

गुप्त ख्रिस्ती समाजाची रचना धर्मप्रचारकांनी पूर्वी स्थापन केलेल्या मंडळांवर आधारलेली होती. धर्मगुरूंची संख्या अपुरी असल्याने सामान्य लोकांची ही मंडळे बंदीपूर्वीच आजारी माणसांची विचारपूस, मृतांचे दफन, बालकांचे शिक्षण ही कामे पाहत असत. पुढे हीच मंडळे भूमिगत झाली.

उराकामी, सोतोमे आणि गोतो बेटे या भागांत प्रत्येक समूहात तीन पदे असत. 'चोकाता' म्हणजे पंचांग सांभाळणारा, 'मिझुकाता' म्हणजे बाप्तिस्मा देणारा आणि 'किकियाकु' म्हणजे घरोघर निरोप पोहोचवणारा. या पदांकडे पाहिल्यास समाजाने नेमके काय अपरिहार्य मानले होते ते स्पष्ट होते. मिस्साविधी धर्मगुरूविना होऊ शकत नव्हता, म्हणून तो सुटला. बाप्तिस्मा मात्र गरज पडल्यास कोणीही देऊ शकतो, असे चर्चची शिकवण सांगते. म्हणून तो राहिला, आणि त्यातील शब्द अचूक उच्चारले जावेत यासाठी मिझुकाता नव्या माणसाला दीर्घकाळ तयार करीत असे.

पंचांगाचे महत्त्व तर विशेष होते. सोतोमे परिसरात बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाची परंपरा सांगितली जाते. १६३४ या वर्षाचे ख्रिस्ती सण जपानी चांद्रपंचांगावर बसवलेली दिनदर्शिका त्याच्या नावाने ओळखली जाते. दरवर्षी चोकाता तिच्या आधारे नव्या वर्षाचे सण काढी आणि कोणत्या दिवशी काम करायचे नाही, कोणत्या दिवशी शिवणकाम वर्ज्य आहे, शेतात खत कधी हाताळायचे नाही, उपवास केव्हा धरायचा, हे किकियाकुमार्फत घरोघर कळवी. बाहेरच्या माणसाला यात काहीच दिसत नसे. एखाद्या बाईने एका दुपारी सुई हाती धरली नाही, एखादा शेतकरी त्या दिवशी बांधावर गेला नाही, एवढेच. पण त्या न केलेल्या कामांतच त्यांचा धर्म होता. सात पिढ्यांनंतर काळ्या जहाजातून पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू येतील, असे भाकीतही बास्तियानच्या नावावर आहे.

प्रार्थनांना 'ओराशो' म्हणत. लॅटिन 'ओरात्सियो' या शब्दाचे हे जपानी रूप. इकित्सुकी बेटावर लॅटिन व पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या ओराशोंची दीर्घ मालिका तोंडपाठ केली जाई. ते शब्द कालांतराने इतके बदलले की म्हणणाऱ्यालाही त्यांचा अर्थ सांगता येत नसे. वेदपठणाची परंपरा ज्या देशात आहे तेथील वाचकांना अर्थाआधी उच्चार जपण्याची ही रीत फारशी परकी वाटणार नाही.

घरात बौद्ध देव्हारा आणि शिंतो देवस्थान असे, कारण तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते दिसावे लागत. अनेक ठिकाणी चीनमधून आलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या, मूल कुशीत घेतलेल्या कान्नोन या बोधिसत्त्वाच्या मूर्तीसमोर मरियेची प्रार्थना केली जाई. या मूर्तींना पुढे 'मारिया कान्नोन' हे नाव पडले. इकित्सुकीत सामानाच्या आतल्या खोलीत गुंडाळून ठेवलेली चित्रे असत. त्यांतील मरिया किमोनो नेसलेली जपानी स्त्री असे. या कोठीतील देवांना 'नान्दो-गामी' म्हणत.

सर्वांत अवघड प्रसंग मृत्यूचा होता. बौद्ध भिक्षूला बोलावून अंत्यविधी करणे सक्तीचे होते. भिक्षू मृतदेहासमोर सूत्रपठण करीत असता शेजारच्या खोलीत किंवा दुसऱ्या घरात काही माणसे जमत आणि त्या पठणाचा प्रभाव पुसून टाकणारी प्रार्थना हलक्या आवाजात म्हणत. भिक्षू निघून गेल्यावर आपल्या पद्धतीने पुन्हा विधी केला जाई. काही मंदिरांतील भिक्षूंना हे सर्व ठाऊक असावे आणि त्यांनी डोळेझाक केली असावी, असे मानण्यास जागा आहे. अडीचशे वर्षे एखाद्या गावाची गुपिते गावाच्या मंदिराला कळणार नाहीत, हे संभवत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ओमुरा संस्थानात लोकसंख्या दाटली होती, तर गोतो बेटांवर जमीन पडीक होती. १७९७ पासून दोन्ही संस्थानांच्या संमतीने सोतोमेचे शेतकरी गोतोला जाऊ लागले. पुढील काळात ही संख्या सुमारे ३,००० वर गेली आणि त्यांत बहुसंख्य गुप्त ख्रिस्ती होते. वाट्याला आलेली जमीन खडकाळ आणि उताराची होती. एकांत मात्र भरपूर होता.

सापडले तेव्हा

एखाद्या गावातील गुप्त समूह उघडकीस येण्याला 'कुझुरे', म्हणजे ढासळणे, असा शब्द होता. १६५७ मध्ये ओमुरातील कोरी भागात सुमारे ६०० जणांना अटक झाली आणि ४०० हून अधिक जणांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांची शिरे आणि धडे निरनिराळ्या ठिकाणी पुरण्यात आली. हे लोक पुनरुत्थानावर विश्वास ठेवतात, तेव्हा शरीर पुन्हा जुळू नये, अशी अधिकाऱ्यांची खबरदारी होती. ही दोन स्थळे आजही दाखवली जातात.

१८०५ मध्ये आमाकुसा बेटांवर जे घडले ते याच्या नेमके उलट होते. तेथे ५,००० हून अधिक लोक संशयित म्हणून आढळले. एवढ्या माणसांना शिक्षा दिली तर शेती ओस पडेल आणि कर कोण भरणार, हा प्रश्न होता. शिवाय एवढी वर्षे अधिकारी काय करीत होते, असाही जाब विचारला गेला असता. तेव्हा हे लोक 'ख्रिस्ती' नसून पूर्वजांकडून आलेल्या चुकीच्या चालीरीती पाळणारे भोळे शेतकरी आहेत, असा निष्कर्ष काढून, यापुढे असे न करण्याची कबुली घेऊन त्यांना सोडण्यात आले. शब्द बदलल्याने हजारोंचे प्राण वाचले. नोकरशाहीच्या सोयीने दाखवलेली ही दया होती, तरी तिचे मोल कमी होत नाही.

१७ मार्च १८६५

१८५८ च्या करारांनंतर नागासाकीत परदेशी लोकांना वस्ती व उपासना करण्याची मुभा मिळाली. १८६५ च्या फेब्रुवारीत फ्रेंच धर्मप्रचारकांनी बांधलेल्या ओउरा चर्चचे उद्घाटन झाले. ते निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांना अर्पण करण्यात आले होते. जपानी नागरिकांना मात्र धर्मबंदी कायम होती.

१७ मार्च रोजी दुपारी उराकामीचे सुमारे १५ शेतकरी स्त्री-पुरुष चर्चच्या दाराशी आले. फादर बर्नार पेतिजाँ यांनी त्यांना आत घेतले. ते प्रार्थनेला बसले असता सुगिमोतो युरी या स्त्रीने जवळ येऊन, आम्हा सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे हलक्या आवाजात सांगितले आणि मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मूर्ती दाखवताच त्यांना ओळख पटली. सध्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालू आहे, तुम्हीही तो पाळता का, अशी विचारणाही त्यांनी केली.

त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता आणि उपवासकाळ १ मार्चला सुरू झाला होता. म्हणजे १७ मार्च हा बरोबर सतरावा दिवस होता. दोनशेहून अधिक वर्षे युरोपशी कोणताही संपर्क नसताना उराकामीच्या चोकातांनी दिवस चुकू दिला नव्हता.

'प्रवास'

या भेटीनंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. पुढील दोन वर्षांत उराकामीच्या लोकांनी आजवरची गुप्तता सोडण्याचा निर्णय घेतला आणि त्याची सुरुवात मृत्यूपासून झाली. १८६७ मध्ये काही कुटुंबांनी मंदिराच्या भिक्षूला न बोलावता आपले मृत स्वतःच दफन केले आणि यापुढे मंदिराशी संबंध नको, असे गावप्रमुखाला कळवले. त्याच वर्षी जुलै महिन्यात रात्री छापे घालून ६८ जणांना पकडण्यात आले. छळ असह्य झाल्याने बहुतेकांनी धर्मत्यागाची कबुली दिली. ताकागी सेन्एमोन हे मात्र बधले नाहीत. घरी परतलेल्यांपैकी अनेकांनी काही दिवसांतच गावप्रमुखाकडे जाऊन आपली कबुली मागे घेतली.

१८६८ मध्ये सत्तांतर होऊन मेइजी राजवट आली, पण नव्या सरकारनेही ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक पुन्हा उभारले. त्या वर्षी उराकामीच्या ११४ प्रमुख व्यक्तींना आणि १८७० मध्ये उरलेल्या गावाला, एकूण सुमारे ३,४०० लोकांना, पश्चिम जपानमधील निरनिराळ्या संस्थानांत हद्दपार करण्यात आले. त्सुवानो येथे आधी विद्वानांकरवी समजूत घालण्याचा प्रयत्न झाला. तो फसल्यावर बर्फाळ तळ्यात उभे करणे, जेमतेम तीन फुटांच्या पिंजऱ्यात कोंडणे असे उपाय करण्यात आले. गोतोतील हिसाका बेटावर सुमारे २०० जणांना वीस चौरस मीटरच्या एका खोलीत महिनोन्महिने डांबण्यात आले आणि त्यांतील सुमारे ४० जण मरण पावले. उराकामीच्या हद्दपारांपैकी ६०० हून अधिक परतले नाहीत.

युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या इवाकुरा तोमोमी यांच्या शिष्टमंडळाला या छळाबद्दल ठिकठिकाणी जाब विचारण्यात आला. असमान करारांची फेरतपासणी करून घेऊ पाहणाऱ्या सरकारला ही टीका परवडणारी नव्हती. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीचे फलक उतरवण्यात आले आणि हद्दपार लोक घरी निघाले. या साऱ्या अनुभवाला उराकामीच्या लोकांनी दिलेले नाव साधे होते : 'ताबी', म्हणजे प्रवास.

परतल्यावर त्यांनी जुन्या गावप्रमुखाचा वाडा विकत घेतला. दरवर्षी फुमि-एचा विधी होत असे, ती हीच जागा. तेथे उभे राहिलेले भव्य चर्च पूर्ण होण्यास अनेक दशके लागली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बचा स्फोट त्यापासून सुमारे ५०० मीटरवर झाला. उराकामीतील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० जण या स्फोटाचे बळी ठरले. चर्च पुन्हा त्याच जागी बांधण्यात आले आहे.

जे परतले नाहीत

बंदी उठल्यावर सर्व गुप्त ख्रिस्ती कॅथलिक चर्चमध्ये सामील झाले, असा समज आढळतो. तो खरा नाही. मोठ्या संख्येने लोक, विशेषतः इकित्सुकी बेटावरील आणि सोतोमे-गोतोच्या काही गावांतील, आपापल्या पद्धतीनेच उपासना करीत राहिले. पुन्हा बाप्तिस्मा घ्या, देव्हारे काढून टाका, असे फ्रेंच धर्मगुरू सांगत. पूर्वजांनी प्राणांवर उदार होऊन जे जपले ते अपुरे होते, असे मान्य करणे अनेकांना जमले नाही. या समाजाची श्रद्धा अखेरीस ख्रिस्ती राहिली होती की जपानी लोकधर्मात विरघळून गेली होती, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. उराकामीचा उपवासकाळ आणि इकित्सुकीच्या कोठीतील देव ही दोन्ही उदाहरणे समोर ठेवली, तर सर्व गावांसाठी एकच उत्तर देणे घाईचे ठरेल.

निशिझाकाच्या टेकडीवर १९६२ मध्ये २६ हुतात्म्यांचे स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तेथे भेट दिली. २००८ मध्ये नागासाकीत १८८ जपानी हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांत गोव्याहून इराण व जेरुसलेममार्गे खुष्कीने रोमला पोहोचलेले आणि धर्मगुरू होऊन मृत्यूच्या तोंडी परत आलेले पेत्रो किबेही होते. २०१८ मध्ये युनेस्कोने नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती समाजाशी निगडित १२ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

त्यांतच हिरादोजवळचे नाकाएनोशिमा हे निर्मनुष्य बेट आहे. १६२० च्या दशकात तेथे ख्रिस्ती लोकांना मृत्युदंड देण्यात आला होता. इकित्सुकीचे लोक होडीने तेथे जाऊन खडकासमोर ओराशो म्हणतात आणि फटीतून झिरपणारे पाणी बाटलीत भरून आणतात. बाप्तिस्म्यासाठी आणि घरे पवित्र करण्यासाठी हेच पाणी वापरण्याची तेथे परंपरा आहे. तरुण पिढी नोकरीसाठी शहरांकडे गेल्याने गेल्या काही दशकांत इकित्सुकीतील बरीच मंडळे विसर्जित झाली असून, ओराशो पाठ असलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत.